शीड होते, पण परतीची वाट? कोलंबसपूर्व अमेरिकेतील नौकानयनाविषयी एक प्रश्न

एक्सरची वाचक :

नमस्कार. बोरिवलीजवळच्या एक्सर गावात मध्ययुगीन वीरगळ आहेत. त्यांतील काहींवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नौका आणि त्यांवरून चाललेली लढाई कोरलेली आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात 1265 च्या सुमारास झालेल्या संघर्षाशी अभ्यासक या शिल्पांचा संबंध जोडतात. लहानपणापासून हे दगड पाहत आल्यामुळे जहाज ही माझ्या लेखी राज्ये घडवणारी आणि बुडवणारी वस्तू आहे. यंदा एका दिवाळी अंकासाठी पर्यायी इतिहासाची दीर्घकथा लिहायला घेतली, तेव्हा विषयही जहाजाचाच सुचला.

कथेचे बीज असे आहे. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोक आणि युकातान किनाऱ्यावरील माया व्यापारी यांच्याकडे शिडाच्या नौका असत्या, तर 12 ऑक्टोबर 1492 नंतरचा इतिहास कोणत्या वाटेने गेला असता? वाचायला लागले तसतसे मला नवल वाटू लागले, कारण शिडासाठी लागणारे जवळपास सर्व साहित्य त्या लोकांच्या हाताशी होते. कोलंबस पहिल्या बेटावर उतरला तेव्हा तेथील लोक कापसाच्या सुताचे गुंडे घेऊन त्याच्याकडे आले. झोपण्यासाठी ते सुती झोळ्या विणत आणि त्यांना ‘हमाका’ म्हणत. एकाच ओंडक्यातून कोरलेल्या त्यांच्या होड्यांना ‘कनोआ’ हे नाव होते, आणि त्यांतल्या काहींत 40 ते 45 माणसे बसत असल्याची नोंद कोलंबसाने दुसऱ्याच दिवशी केली. त्यांची वल्ही त्याला पावभट्टीतल्या लांब दांड्याच्या फळीसारखी वाटली. पुढे 1502 मध्ये, चौथ्या सफरीत, होंडुरासच्या उत्तरेकडील बेटांजवळ त्याला एक प्रचंड व्यापारी होडी भेटली. ती सुमारे अडीच मीटर रुंद होती, मधोमध पानांचे छप्पर होते, आणि आत सुती वस्त्रे, काचेसारख्या ज्वालामुखी दगडाच्या धारा बसवलेल्या लाकडी तलवारी, तांब्याच्या घंटा आणि कोकोच्या बिया होत्या. वल्हवणारी माणसेच सुमारे 25 होती. शीड मात्र नव्हते.

कापूस आहे, दोर आहे, लाकूड आहे, व्यापार आहे आणि वारा तर वर्षभर आहे. मग शीड का नाही? एखादा अलौकिक बुद्धीचा कारागीर जन्माला घालून त्याच्याकडून शिडाचा शोध लावून घेणे मला पटत नाही. ती पळवाट ठरेल, आणि इतर लोक बुद्धीने कमी होते असेही त्यातून सूचित होईल. इतिहासात कमीत कमी कोणता बदल केला असता हे घडू शकले असते, याचे उत्तर मला हवे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गोदीतला नकाशाकार :

ताई, प्रश्न फार आवडला. मी जहाजबांधणीच्या एका कारखान्यात आराखडे काढण्याचे काम आयुष्यभर केले, त्यामुळे उत्तर त्याच अंगाने देतो. पण आधी एक गृहीतक सुधारायला हवे. युरोपीय लोकांच्या आधी अमेरिकेत शीड होते. फक्त ते दुसऱ्या किनाऱ्यावर होते.

1526 मध्ये, पुढे इंका साम्राज्य जिंकणाऱ्या स्पॅनिश पिझारोचा सुकाणूदार बार्तोलोमे रुइझ आजच्या इक्वेडोरच्या किनाऱ्याजवळून दक्षिणेकडे जात असताना त्याला समोरून शीड उभारलेला एक मोठा तराफा येताना दिसला. त्यावर सुमारे 20 माणसे होती. बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाच्या ओंडक्यांचे तळ, वर बोरूसारख्या काठ्यांची कोरडी पाटण, चांगल्या लाकडाच्या डोलकाठ्या आणि आडकाठ्या, सुती शिडे, घायपाताच्या जातीच्या तंतूंचे दोर आणि जात्याच्या पाळ्यांसारखे दगडी नांगर, असे त्याचे वर्णन स्पॅनिश अहवालात आले आहे. माल होता सोन्याचांदीचे दागिने, चिमटे, घंटा, तराजू आणि तऱ्हेतऱ्हेची विणलेली वस्त्रे. हे सर्व देऊन त्यांना घ्यायचे होते ते लाल-केशरी काटेरी शिंपले, ज्यांना आज स्पॉन्डिलस म्हणतात. रुइझने तो तराफा लुटला आणि दुभाषे म्हणून उपयोगी पडतील अशी 3 माणसे ठेवून घेतली.

या तराफ्यांची खरी करामत शिडात नसून शिडाखाली होती. सपाट तळाच्या नौकेवर शीड उभारले आणि वारा बाजूने आला, तर ती पुढे जाण्याऐवजी आडवी सरकत जाते. गलबताला तळाचा कणा असतो, तो पाण्याला अडतो आणि सरकणे थांबवतो. इक्वेडोरच्या दर्यावर्दींनी कण्याऐवजी ओंडक्यांच्या फटींतून उभ्या फळ्या पाण्यात सोडल्या, आणि त्यांना ‘गुआरा’ असे नाव आहे. पुढच्या फळ्या खोल केल्या की नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, वाऱ्याकडे वळते, मागच्या खोल केल्या की वाऱ्यापासून दूर जाते. म्हणजे सुकाणूला हात न लावता, केवळ फळ्या वरखाली करून तराफा चालवता येतो आणि वाऱ्याच्या विरुद्धही नागमोडी वाटेने नेता येतो. 1947 मध्ये कॉन-टिकी नावाचा बाल्साचा तराफा पेरूहून निघून 101 दिवसांत सुमारे 6,900 किलोमीटर अंतर कापून पॉलिनेशियात पोहोचला, तेव्हा त्यावरच्या मंडळींना या फळ्यांचे पूर्ण तंत्र उमगलेले नव्हते. वाऱ्याने आणि प्रवाहाने नेले तिकडे ते गेले. पुढे 1953 मध्ये इक्वेडोरच्या किनाऱ्यावर प्रयोग झाले, तेव्हा कुठे गुआराची ताकद आधुनिक जगाच्या ध्यानात आली.

आता कॅरिबियनकडे वळू. ओंडका कोरून केलेली होडी लांब आणि अरुंद असते. वल्ह्यांसाठी तो आकार उत्तम आहे, कारण पाणी सहज कापले जाते. परंतु त्यावर डोलकाठी उभी केली की वाऱ्याचा रेटा उंचावर लागतो आणि अरुंद होडी कलंडते. त्यावर तीन उपाय आहेत. होडी रुंद करणे, दोन होड्या जोडणे किंवा बाजूला तरंगता ओंडका बांधणे. तिसरा उपाय आपल्या कोकणाला चांगला ठाऊक आहे. सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत मासेमारीच्या होड्यांना बाजूला जी ‘उलांडी’ असते ती हेच काम करते. ताइनो आणि माया होड्यांना उलांडी नव्हती. म्हणून शिडाचे कापड हाताशी असूनही ते टांगायला स्थिर जागा नव्हती, हे माझ्या दृष्टीने पहिले आणि सर्वांत ठोस कारण आहे.

तुमच्या कथेसाठी आनंदाची गोष्ट अशी की बाल्साचे झाड केवळ इक्वेडोरचे नाही. दक्षिण मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंत आणि कॅरिबियन बेटांवरही ते मूळचेच आहे. पनामाची संयोगभूमी सर्वांत अरुंद जागी 80 किलोमीटरहून कमी रुंद आहे. म्हणजे नवा शोध लावण्याची गरजच नाही. एक तांडेल, त्याचे 10–12 खलाशी आणि पायी पार करायचा तेवढा डोंगराळ पट्टा, एवढा बदल पुरे.

परळचा ग्रंथप्रेमी :

गोदीतल्या मित्रांनी वस्तूचा उलगडा सुरेख केला आहे. मात्र ‘एवढा बदल पुरे’ या वाक्यापाशी मी थांबलो. कारण पनामाची ती भिंत वाटते तितकी बंद नव्हती. स्पॅनिश सरदार बाल्बोआ 1513 मध्ये प्रशांत महासागर पाहण्यापूर्वीच, कॅरिबियन बाजूच्या कोमाग्रे या प्रमुखाच्या मुलाने त्याला सांगितले होते की डोंगरापलीकडे दुसरा समुद्र आहे आणि तेथील लोक शिडे आणि वल्ही लावून तुमच्यासारखी मोठी जहाजे चालवतात. पीटर मार्टिर या समकालीन इतिहासकाराने ही हकिकत नोंदवली आहे. म्हणजे शिडाची बातमी डोंगर ओलांडून आली होती. नौका आली नव्हती.

असे का व्हावे, याचे उत्तर मी मालात शोधतो. स्पॉन्डिलस शिंपला उबदार पाण्यात वाढतो. पेरूच्या किनाऱ्याजवळून थंड प्रवाह वाहतो, त्यामुळे तो तेथे मिळत नाही. पण पेरूच्या राज्यांत पाऊस मागण्याच्या विधींसाठी आणि राजांच्या दफनांसाठी तो अत्यावश्यक मानला जाई. जड माल, लांबचा किनारा आणि सतत मागणी असलेला श्रीमंत गिऱ्हाईक, या तिन्हींमुळे 10 ते 30 टन माल वाहणारा तराफा बांधणे परवडत होते. या व्यापाराचे वजन किती होते ते एका दृश्यावरून कळते. 1532 मध्ये काहामार्का येथे इंका सम्राट अताहुआल्पाला पिझारोने पकडले, तेव्हा सम्राटाबरोबर चिंचा या किनारी राज्याचा स्वामीही पालखीत बसून आला होता, आणि तो मान इतरांना नव्हता.

याउलट युकातानच्या चोंताल माया व्यापाऱ्यांचा मार्ग पाहा. मीठ, कोको, दगडी पाती आणि कापड घेऊन ते द्वीपकल्पाला वळसा घालत, पण बराचसा प्रवास खाजणांतून, नदीमुखांतून आणि प्रवाळाच्या रांगेआड असलेल्या शांत पाण्यातून होई. अशा उथळ वाटेवर वल्ह्यांची होडीच सोयीची, हे आपल्याकडच्या वसईच्या खाडीत वावरलेल्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. शिवाय तेथे शीड अगदीच अनोळखी होते असेही ठामपणे म्हणता येत नाही. 1517 मध्ये युकातानच्या टोकाशी स्पॅनिश जहाजांना सामोऱ्या आलेल्या मोठ्या होड्या ‘वल्ह्यांनी आणि शिडाने’ आल्या असे बर्नाल दियाझ या सैनिकाने लिहून ठेवले आहे. त्याने हे उतारवयात लिहिले आणि त्यावरून विद्वानांत वाद आहे. पण कथालेखिकेला त्या एका शब्दाएवढी जागा पुरेशी असावी.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इक्वेडोरकडून पश्चिम मेक्सिकोपर्यंत समुद्रमार्गे संपर्क होता, आणि साधारण 600 ते 800 या काळात धातुकाम त्याच वाटेने गेले असे अभ्यासकांनी दाखवले आहे. घंटा, सुया, चिमटे, मेण वितळवून ओतकाम करण्याची रीत, हे सर्व गेले. पण लामा हे जनावर गेले नाही, बटाटा गेला नाही, आणि उलट दिशेने मायांची लिपी पेरूत आली नाही. शीड होते, वाट होती, तरीही गेले तेवढेच जे कारागिराच्या हातात आणि डोक्यात मावत होते. मेक्सिकोत चाके लावलेली मातीची खेळणी सापडतात, पण गाडी ओढायला जनावर नव्हते. तेच जनावर दक्षिणेत होते, निदान ओझे वाहणारे, आणि तेथे चाक नव्हते. या दोन अर्ध्या गोष्टींच्या मध्ये समुद्र होता आणि त्यावर तराफेही चालत होते, ही कल्पना मला अस्वस्थ करते. पर्यायी इतिहास लिहायचाच असेल, तर लढाईपेक्षा या अर्ध्यांची भेट मला अधिक मोलाची वाटेल.

वेसाव्याचा दर्यावर्दी :

मी वेसाव्याच्या कोळीवाड्यातला. माझ्या आजोबांच्या काळी होड्यांना इंजिन नव्हते. मी स्वतः मालवाहू जहाजांवर 30 वर्षे काढली आणि मेक्सिकोच्या आखातात अनेक फेऱ्या केल्या. वरच्या दोन्ही उत्तरांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु दर्यावर जाणारा माणूस जो प्रश्न सर्वांत आधी विचारतो, तो अजून कोणी विचारलेला नाही. परत कसे यायचे?

आमच्याकडे पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, तो होडी बाहेर नेतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, तो घरी आणतो. दिवसाचे जे चक्र, तेच वर्षाचे. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि हिवाळ्यात ईशान्येकडून. म्हणूनच दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे तांबड्या समुद्राशी व्यापार करू शकली. गेलेला माणूस सहा-आठ महिन्यांनी त्याच वाऱ्याच्या उलट्या पावलांनी परत येणार हे घरच्यांना ठाऊक असे. शिडाची जी भरभराट अरबी समुद्रात झाली, तिच्या मुळाशी हा दिशा बदलणारा वारा आहे.

कॅरिबियनमध्ये वारा दिशा बदलत नाही. तो बारमाही पूर्वेकडून आणि ईशान्येकडूनच येतो, आणि समुद्राचा प्रवाहही त्याच्याबरोबर पश्चिमेकडे वाहतो. लहान अँटिलिस बेटांची माळ उत्तर-दक्षिण पसरलेली आहे, त्यामुळे तेथे वारा कायम होडीच्या कुशीवर येतो, आणि कुशीवरचा वारा जाता-येता दोन्ही वेळा कामाचा असतो. ओरिनोकोच्या मुखापासून प्वेर्तो रिकोपर्यंत शिडाची वाहतूक सहज उभी राहू शकली असती. ताई, तुमच्या कथेतले पहिले शीड याच माळेत उभारा, असे मी सुचवीन. त्यापुढे मात्र अडचण आहे. हिस्पॅनिओला आणि क्यूबा पूर्व-पश्चिम पसरलेली बेटे आहेत. पश्चिमेकडे जाणे म्हणजे उतारावरून जाणे, आणि परतणे म्हणजे तोंडावरच्या वाऱ्याशी महिनाभर झगडणे. क्यूबाच्या पश्चिम टोकापासून युकातान केवळ 200 किलोमीटरच्या आसपास आहे. तरीही ताइनो आणि माया यांच्यात नियमित जा-ये असल्याच्या खुणा जवळजवळ मिळत नाहीत. दोन्हीकडे शेकडो होड्या, आणि मधल्या तेवढ्याशा पाण्यावर शांतता. त्या सामुद्रधुनीतून उत्तरेकडे जोराचा प्रवाह वाहतो. पश्चिमेकडे वल्हवत निघालेली होडी दीड दिवसात कितीतरी उत्तरेला फेकली जाते, आणि पुढे फक्त उघडे आखात असते.

पण वैरी वाटणारा हाच प्रवाह मित्रही होऊ शकतो. तो आखातात शिरतो, वळसा घेतो आणि फ्लोरिडा व क्यूबा यांच्यामधून पूर्वेकडे बाहेर पडतो. म्हणजे युकातानहून क्यूबाला परतायचे असेल तर वाऱ्याशी भांडायचे नाही, उत्तरेला जाऊन प्रवाहाच्या पाठीवर बसायचे. स्पॅनिश लोकांना ही वाट आंतोन दे आलामिनोस या सुकाणूदाराने दाखवली. 1513 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर वारा अनुकूल असूनही आपली जहाजे मागे ओढली जात आहेत, हे त्याने अनुभवले होते. 1519 मध्ये मेक्सिकोहून स्पेनला जाताना त्याने त्याच प्रवाहाचा उपयोग करून घेतला. ज्या समुद्रात ताइनो पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत होते, त्याच समुद्रातली ही गोष्ट परक्या माणसाने 6 वर्षांत हेरली. कारण त्याच्याकडे प्रवाहातून निसटण्याइतके वेगवान आणि दिवसेन्‌दिवस समुद्रात राहू शकणारे जहाज होते. होडीत 25 माणसे वल्हवत असतील आणि त्या उन्हात प्रत्येकाला दिवसाला 4 लिटर पाणी लागत असेल, तर 10 दिवसांचे पाणीच 1 टन होते. शिडाच्या तराफ्याला 5–6 माणसे पुरतात. माझ्या मते शिडाचा खरा लाभ वेगात नाही, तो या पाण्याच्या हिशोबात आहे. जो 10 दिवस समुद्रात टिकतो, त्यालाच प्रवाहाचा वळसा कळतो.

एक्सरची वाचक :

आपणा तिघांचे मनापासून आभार. पाण्याचा हिशोब माझ्या ध्यानात कधीच आला नसता. दर्यावर्दीकाका, आपल्या उत्तरानंतर कथेचा नायक बदलला आहे. आता तो शीड बनवणारा नसून परतीची वाट शोधणारा आहे. एक शंका मात्र उरते. पॉलिनेशियन लोक अमेरिकेपर्यंत पोहोचले होते असे वाचले आहे. त्यांच्याकडे जोडहोड्या, उलांडी आणि खेकड्याच्या नांगीसारखे शीड, सर्व काही होते. मग पनामाच्या डोंगरापेक्षा त्यांच्याकडूनच हे तंत्र मिळाले, असे दाखवणे अधिक सोपे नाही का?

गोदीतला नकाशाकार :

मोह पडण्यासारखी कल्पना आहे, पण मी ती टाळण्याचा सल्ला देईन. संपर्क झाला होता यात आता फारशी शंका उरलेली नाही. दक्षिण अमेरिकेतले रताळे युरोपीयांच्या आधीच पॉलिनेशियात पिकत होते, आणि त्याचे ‘कुमारा’ हे नावही अँडीजमधल्या नावाशी जुळते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने पूर्व पॉलिनेशियातील लोकांत साधारण 1200 च्या सुमाराचा अमेरिकी अंश दाखवला, आणि तो कोलंबियातील झेनू लोकांशी सर्वांत जवळचा निघाला. त्यांच्या नौकांविषयीही शंका नको. 1976 मध्ये ‘होकुलेआ’ ही जोडहोडी माउ पियाइलुग या मायक्रोनेशियन वाटाड्याच्या मार्गदर्शनाखाली, एकही उपकरण न वापरता, तारे आणि लाटा वाचत हवाईहून ताहितीला गेली. ते अंतर 4,000 किलोमीटरहून अधिक आहे.

पण ज्या किनाऱ्यावर हे लोक उतरले असतील, तेथे त्यांच्या नौकेची गरज कोणाला होती? इक्वेडोरच्या तांडेलाकडे टनावारी माल वाहणारा, न उलटणारा तराफा आधीच होता. त्याने तो सोडून हलकी जोडहोडी का घ्यावी? कोकणात उलांडी रुजली, याचे कारण येथे अरुंद कोरीव होडी होती आणि लाटा फुटणारा उघडा किनारा होता. अनेक अभ्यासक उलांडीचा संबंध आग्नेय आशियातून आलेल्या दर्यावर्दींशी जोडतात, आणि त्याच लोकांच्या एका शाखेने पुढे मादागास्कर वसवले. तंत्र घेणाऱ्याच्या अंगणात खड्डा असावा लागतो, तेव्हाच देणाऱ्याची माती तेथे बसते. तो खड्डा अँटिलिसमध्ये होता, इक्वेडोरमध्ये नव्हता. म्हणून पनामाच पत्करा.

साथींची अभ्यासक, दादर :

इतका वेळ वाचत होते. आता एक कठीण गोष्ट मांडते. कथा लिहिताना ती सुटून जाईल अशी भीती वाटते, म्हणून मांडते. जेथे शीड जाते तेथे रोगही जातो. मुंबईला हे वेगळे सांगायला नको. 1896 च्या सप्टेंबरात प्लेग सापडला तो मांडवीत, बंदराला चिकटून असलेल्या वस्तीत. अमेरिकेत देवी आल्या 1518 च्या अखेरीस, हिस्पॅनिओलावर. 1520 मध्ये त्या मेक्सिकोत पोहोचल्या आणि टेनोच्टिट्लान या अझ्टेक राजधानीत नवा सम्राट क्विट्लाहुआक त्याच साथीत दगावला. पिझारोच्या स्वारीआधीच इंका सम्राट हुआयना कापाक साथीत मेल्याचे मानले जाते, आणि त्याच्या पुत्रांमधल्या यादवीने पिझारोचे काम अर्धे करून ठेवले. हे सर्व पायी चालणाऱ्या आणि वल्हवणाऱ्या जगात घडले. तुमच्या कथेत बेटे आणि मुख्य भूमी शिडांनी जोडलेली असतील, तर देवी काही आठवड्यांत सर्व किनाऱ्यांवर पोहोचतील. ज्या समाजाने गाई-म्हशींच्या आणि गर्दीच्या शहरांच्या सहवासात हे रोग पिढ्यान्‌पिढ्या सोसलेले नाहीत, त्याला कोणतेही जहाज त्यापासून वाचवू शकत नाही. तेव्हा शिडाच्या जोरावर ताइनोंना विजय मिळवून देऊ नका, अशी कळकळीची विनंती आहे.

पण शीड बातमीही नेते, आणि येथे तुमच्या कथेला खरा आधार मिळेल असे वाटते. हिस्पॅनिओलाचा ताइनो प्रमुख हातुए स्पॅनिशांचे अत्याचार पाहून सुमारे 400 लोकांसह होड्यांतून क्यूबाला गेला, कशासाठी, तर तेथील लोकांना सावध करण्यासाठी. अनेकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. 1512 च्या फेब्रुवारीत स्पॅनिशांनी त्याला जिवंत जाळले. त्याची बातमी क्यूबाच्या पश्चिम टोकाला येऊन थांबली, त्याच 200 किलोमीटर पाण्यापाशी ज्याबद्दल वर लिहिले आहे. पुढे मेक्सिको जिंकणारा स्पॅनिश सेनानी कोर्तेस तेथील किनाऱ्यावर उतरला तो 1519 मध्ये. मधली 7 वर्षे अझ्टेक सम्राट मोक्तेसुमाकडे अफवा पोहोचत होत्या, पण डोळ्यांनी पाहिलेला आणि ती भाषा, ती शस्त्रे, ते घोडे, ते वचनभंग सांगू शकणारा साक्षीदार पोहोचला नाही. त्या 7 वर्षांत असा एक माणूस जरी पोहोचला असता, तरी टेनोच्टिट्लानच्या दरबारात चर्चा निराळी झाली असती.

एक्सरची वाचक :

ताई, आपले उत्तर वाचून बराच वेळ काही लिहू शकले नाही. मी ज्याला विजयाची कथा समजत होते, ती आता एका फेरीची कथा झाली आहे. 1519 चा फेब्रुवारी. क्यूबाच्या पश्चिम टोकावरून कोर्तेसची जहाजे निघण्याच्या तयारीत आहेत. त्याच किनाऱ्यावरून, खाजणाच्या आडून, हातुएबरोबर आलेल्यांपैकी एक म्हातारी स्त्री 5 खलाशांसह बाल्साच्या तराफ्यावर चढते. तिला त्यांच्या आधी पलीकडे पोहोचायचे आहे. आणि खलाशांपैकी सर्वांत तरुण मुलाच्या अंगात ताप आहे. तिने काय निवडले, येथे कथा येऊन थांबली आहे आणि आज रात्री ते लिहायला बसणार आहे. काका, फेब्रुवारीत ती वाट कशी असते, तेवढे सांगाल का?

वेसाव्याचा दर्यावर्दी :

सांगतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्या भागात उत्तरेकडून थंड वाऱ्याचे तडाखे येतात. त्यांना तिकडे ‘नोर्ते’ म्हणतात. प्रवाह उत्तरेकडे आणि वारा उत्तरेकडून, अशी दोघांची समोरासमोर गाठ पडली की त्या सामुद्रधुनीत उभ्या, आखूड लाटा उठतात. कोर्तेसच्या जहाजांचीही त्या वाटेवर वादळाने पांगापांग झाली होती. नोर्ते ओसरताना वारा हळूहळू ईशान्येला आणि मग पूर्वेला वळतो, आणि तीच तिच्या निघण्याची वेळ. तराफा ताशी 3 ते 4 सागरी मैल चालेल असे धरले, तर दीड दिवस लागेल. तेवढ्या वेळात प्रवाह ताशी 2 मैलांनी जरी वाहत असला, तरी तिला 70 मैलांहून अधिक उत्तरेला नेईल. म्हणून तिने युकातानच्या दिशेने नाळ धरायची नाही. नैर्ऋत्येकडे, मोकळ्या समुद्राकडे धरायची, मागच्या फळ्या खोल सोडायच्या, आणि आपण वाट चुकलो आहोत असे सोबतच्या पाचही जणांना वाटत राहील, तरी ती बदलायची नाही.